शेऱ्याचा रकाना

एक पाय बाहेर आणि एक पाय आत असताना त्याच्या लक्षात आलं, की आतला पाय वर चालला आहे. फार नाही, चार बोटं. पायाखालची जमीन सरकली असं लोक म्हणतात. इथे ती सरकली नाही, सावकाश, काही घाई नसल्यासारखी वर आली. पुढच्या क्षणी तो पाचव्या मजल्याच्या फरशीवर दोन्ही हात टेकून पडला होता, फोन कुठेतरी घरंगळला होता आणि फोनमधून कुणीतरी 'साहेब, ऐकू येतंय ना' असं विचारत होतं. तो उठला, फोन उचलून त्याने कॉल तोडला. भिंतीला पाठ लावून उभा राहिला. लिफ्टचं दार उघडंच होतं, आतला दिवा जळत होता आणि केबिनचा तळ बाहेरच्या फरशीच्या चार बोटं वर येऊन थांबला होता. दुपारचे साडेचार वाजले होते. बैठक रद्द झाल्यामुळे तो आज कधी नव्हे तो लवकर घरी आला होता, आणि या शहरातल्या तीनशे बारा लिफ्टच्या देखभालीचा प्रमुख स्वतःच्या घराच्या दारात घामाने ओला झाला होता. सामान्य माणसाला लिफ्टची भीती वाटते ती खाली कोसळण्याची. या धंद्यातल्या माणसाला वर जाण्याची वाटते. केबिनच्या पलीकडे दोराला वजन लटकवलेलं असतं, ते रिकाम्या केबिनपेक्षा बरंच जड असतं. आत एकटादुकटा माणूस असला आणि ब्रेकने मान टाकली, की ते वजन खाली जातं आणि केबिन वर ओढली जाते, दार उघडं असलं तरी. तेव्हा माणूस अर्धा आत आणि अर्धा बाहेर असला तर काय होतं, त्याचा एक फोटो तो नव्या कारागिरांना प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी दाखवत असे. फोटो दाखवताना त्याचा आवाज अगदी शांत असायचा. आज केबिन चार बोटांवर थांबली, ती का थांबली हे त्याला सांगता आलं नसतं. तिची मर्जी, एवढंच.

आत हात घालून लाल बटण दाबायला हवं होतं. एक पाऊल पुढे, हात आत, बटण, हात बाहेर. दोन सेकंदांचं काम. त्याला ते जमेना. हात खांद्यापासून उचलतच नव्हता. शेवटी त्याने आपली बॅग दाराच्या खाचेत सरकवली, पायाने, लांबून, एखाद्या झोपलेल्या कुत्र्याला ढोसावं तशी. दार आता मिटणार नव्हतं आणि दार मिटल्याशिवाय कुणी खालून बोलावली तरी मोटर चालणार नव्हती. तेवढं करून तो पुन्हा भिंतीला टेकला. केबिनच्या मागच्या भिंतीवर प्लास्टिकच्या पाकिटात देखभालीचं कार्ड होतं. वाचायची गरज नव्हती, ते त्याला पाठ होतं, तरी त्याने वाचलं. ब्रेक, ठीक. दोर, ठीक. दार, ठीक. सहा दिवसांपूर्वीची तारीख आणि कंपनीतले सगळ्यात जुने कारागीर, मामा, यांची सही. वरच्या महिन्यातही ठीक, ठीक, ठीक. त्याच्या वरच्या महिन्यातही. अक्षर एकाच उतरणीचं, तिन्ही महिन्यांचं जणू एका बैठकीत लिहिलेलं. हे कार्ड त्यानेच आखलं होतं. जुन्या कार्डावर उजव्या हाताला शेऱ्याचा एक रुंद रकाना असे. कारागीर त्यात वाट्टेल ते खरडायचे: दार कुरकुरतं, दोर बघायला हवा, चौकीदार किल्ली देत नाही. प्रत्येक शेऱ्याला चोवीस तासांत उत्तर द्यायचं असा कंपनीचा नियम होता, आणि शेरे येतच राहायचे, उत्तरं संपायची नाहीत. प्रमुख झाल्यावर त्याने पहिल्या वर्षी तो रकाना काढून टाकला. ठीक किंवा ठीक नाही, दोनच पर्याय. आणि 'ठीक नाही' लिहिलं तर सोबत कारण, उपाय, लागणारा वेळ असा वेगळा अर्ज. दोन वर्षांत 'ठीक नाही' दिसेनासं झालं. त्याला त्याबद्दल एक ढाल मिळाली होती, ती ऑफिसात कपाटावर आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. त्याची मूठ कंपनीने काचेच्या कपाटात ठेवली होती.

मशीनच्या खोल्यांची एकच सर्वकिल्ली असते. ती त्याच्या जुडग्यात होती, प्रमुख झाल्यापासून नऊ वर्षं न वापरलेली. तो जिन्याने गच्चीवर गेला. खोलीचं कुलूप तेल दिलेलं होतं, पटकन उघडलं. आत गरम हवा आणि ग्रीसचा वास, तोच तो वास, ज्यात त्याची विशीतली चार वर्षं गेली होती. त्याने मुख्य स्विच खाली ओढला. खटका वाजला आणि मग एवढी शांतता झाली, की स्वतःचा श्वास त्याला दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. तो ब्रेकच्या ड्रमजवळ गुडघ्यावर बसला आणि आपोआप त्याचा तळवा ड्रमपासून दोन बोटांवर जाऊन थांबला. 'यंत्र बोलत नाही, तापतं,' मामा म्हणायचे. 'हात जवळ ने, लावू नकोस. पोरा, ताप आलेल्या मुलाच्या कपाळाला आई हात लावते ना, तसं.' मामा तेव्हा चाळिशीचे असतील. सगळे त्यांना मामाच म्हणत, मालकसुद्धा. बावीस वर्षांच्या या नवशिक्याला घेऊन ते चालत्या केबिनच्या टपावर बसायचे, अंधाऱ्या विहिरीतून वर चढताना डबा उघडायचे आणि एक घास त्याला द्यायचे, म्हणजे त्याचे दोन्ही हात गुंतून राहतील आणि तो भलत्या ठिकाणी हात घालणार नाही. आता ड्रम तापला होता. ब्रेकच्या पट्टीवर अस्तर असतं, नवं असताना पाच मिलिमीटर जाड. त्याने मोबाईलचा दिवा पाडून पाहिलं तर जेमतेम एक मिलिमीटर उरलं होतं. एका बाजूला धातूच दिसत होता. सहा दिवसांत असं झिजत नाही. सहा आठवड्यांतही नाही.

उठताना त्याने आधारासाठी दार धरलं, ते त्याच्याकडे ओढलं गेलं आणि दारामागची भिंत दिसली. भिंतीवर खडूने लिहिलेलं होतं. तारखा आणि अस्तराच्या जाडीचे आकडे, एकाखाली एक. सगळ्यात वर चार. मग साडेतीन. मग तीन, अडीच, दोन. शेवटी सहा दिवसांपूर्वीची तारीख आणि दीड, त्याखाली दोन रेघा. मामांचं अक्षर, पण कार्डावरच्या अक्षरापेक्षा वेगळं, मोठं, मोकळं, चुका पुसून पुन्हा लिहिलेलं. आणि रेघांच्या खाली, लहान: साहेबांचं घर. घरच्यांना सांगितलं. जिना.

तो तिथेच उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसला. त्याला पहिल्यांदा राग आला नाही, हे त्याला विचित्र वाटलं. राग हे त्याचं नेहमीचं वाहन होतं, तो दारात उभाच असायचा. आज तो नव्हता. काढून टाकलेला रकाना इथे भिंतीवर येऊन राहिला होता. कार्डावर जे लिहायचं ते दारामागे लिहिलं जात होतं, आणि नऊ वर्षांत एकदाही न आलेला साहेब या दारामागे येणार नाही याची सगळ्यांना पक्की खात्री होती. ती खात्री त्यानेच दिली होती. तीनशे बारा लिफ्ट, तीनशे बारा खोल्या, तीनशे बारा दारं. त्याला तीन वर्षांपूर्वीची एक सकाळ आठवली. रोज सव्वानऊला दहा मिनिटांची उभ्याने बैठक घ्यायची, खुर्च्या नाहीत, म्हणजे कुणी पाल्हाळ लावत नाही. ही त्याचीच कल्पना. भिंतीवर वाक्य लावलेलं: अडचण घेऊन येऊ नका, उत्तर घेऊन या. कुठल्यातरी शिबिरात त्याने ते ऐकलं होतं आणि त्याला ते फार मर्दानी वाटलं होतं. त्या सकाळी मामा म्हणाले, नव्या पुरवठादाराची अस्तरं निम्म्या वेळात झिजतायत. त्याने मोबाईलवरून नजर न काढता विचारलं, 'मामा, उत्तर आणलंय का?' मामा म्हणाले, 'उत्तर नाही, साहेब.' 'मग बसा,' तो म्हणाला. खोलीत खुर्ची नव्हती. सगळे हसले. मामाही हसले, मिशीत, मान खाली घालून. तो विनोद दोन-तीन दिवस ऑफिसात फिरला होता आणि त्याला स्वतःलाही तो आवडला होता. त्यानंतर बैठक दहा मिनिटांची चारच मिनिटांत संपू लागली. तो ते कौतुकाने सांगायचा, की माझी माणसं तयार झालीत. माणसं तयारच झाली होती. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची नाही, मांजर कुठल्या खोलीत येत नाही ते बघायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

खाली उतरताना तो कठड्याला धरून उतरला. सहाव्या मजल्यावर आला तेव्हा खालून आवाज आले. चौथ्याच्या आसपास कुणीतरी चढत होतं, थांबत थांबत. 'आजी, अजून अकरा,' मुलीचा आवाज. 'तू मगाशीपण अकराच म्हणालीस,' त्याच्या आईचा. 'मगाशीची अकरा वेगळी होती.' आई हसली, हसता हसता खोकली. त्याने वाकून पाहिलं. त्याची शहात्तर वर्षांची आई, जिच्या गुडघ्याला डॉक्टरांनी जिना मना केला होता, पायरीवर रुमाल अंथरून बसली होती आणि त्याची सतरा वर्षांची मुलगी तिची पिशवी आणि आपलं दप्तर एकाच खांद्यावर घेऊन उभी होती. दोघींच्यात जुनी सवय दिसत होती. कुठे बसायचं, किती वेळ, कुणी काय बोलायचं, सगळं ठरलेलं. तो आणखी चार पायऱ्या उतरला. मुलीने वर पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावरून हसू गेलं. घाबरून गेलं असंही नाही. दिवा लावलेल्या खोलीतून बाहेर पडताना आपण दिवा मालवतो, तसं तिने ते आवरून ठेवलं.

"बाबा, तू लवकर?" ती म्हणाली. "आम्ही सहजच जिन्याने. आजीला व्यायाम."

"हो, व्यायाम," आई म्हणाली. "बसून बसून गुडघे आखडतात."

दोघी इतक्या सफाईने खोटं बोलल्या, की त्याला कार्डावरच्या अक्षराची आठवण झाली. तो त्यांच्यापर्यंत उतरला आणि त्याने आईचा दंड धरला. तिचा हात त्याच्या हातात किंचित ताठ झाला. उरलेल्या पायऱ्या ते तिघं चढले आणि कुणी मोजल्या नाहीत. पाचव्यावर बॅग अजून दारात आडवी होती. केबिनमधला दिवा आता विझला होता. मुलीने त्या चार बोटांच्या फरकाकडे एकदा बघितलं, मग बापाच्या तळहाताला लागलेल्या धुळीकडे, आणि पटकन किल्ली काढून घराचं दार उघडलं.

बायको स्वयंपाकघरात होती. त्याने तिला विचारलं तेव्हा आपला आवाज नेहमीसारखा खाली गेलेला त्यालाच ऐकू आला. तो कधी ओरडत नसे. त्याच्या वडिलांची किल्ली कुलपात वाजली की घर गप्प व्हायचं, ताटं न वाजवता उचलली जायची. त्याने लहानपणी फोडलेली खिडकीची काच आईने वडील यायच्या आत बदलून घेतली होती आणि दोघं महिनाभर अळीमिळी गुपचिळी करून बसले होते. आपण तसं व्हायचं नाही हे त्याने तेव्हाच ठरवलं होतं, आणि तो झालाही नव्हता, हात उगारणं दूरच, त्याने आवाजसुद्धा चढवला नाही कधी. आवाज खाली नेऊनही माणसाच्या अंगावर जाता येतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार कोण.

"तुला माहीत होतं?" त्याने विचारलं.

"हो," बायको म्हणाली. "मामांनी दीड महिन्यापूर्वीच सांगितलं. म्हणाले, तुम्ही तिघी जिन्याने जा."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही?"

"सांगितलं होतं. दोनदा." ती ओट्याकडे तोंड करून बोलत होती. "पहिल्यांदा तू म्हणालास, कार्ड बघ. मी बघितलं, ठीक लिहिलं होतं. दुसऱ्यांदा तू जेवत होतास. म्हणालास, मग तुझं म्हणणं काय आहे, उपाय काय सुचवतेस. मला ब्रेकमधलं काय कळतं? आम्हाला आमच्यापुरता उपाय सापडला. जिना."

"मी रोज त्या लिफ्टने येत होतो."

आता ती वळली. "मामा म्हणाले, साहेबांना सांगायला नको, त्यांना पाय ठेवला की कळतं. मला वाटलं तुला कळलंय." पुढचं बोलावं की नाही, हे तिच्या चेहऱ्यावर त्याला स्पष्ट दिसलं. "मला वाटलं तुला माहीत आहे आणि तू चालू ठेवली आहेस. त्या ढालीसाठी. मला त्याचीच जास्त भीती वाटत होती."

त्याला खरंच कधीकाळी पाय ठेवला की कळायचं. केबिन थांबताना पोटरीत येणारी बारीकशी ओढ, दोर सुटा असेल तर टाचेला लागणारा कंप. दीड महिना तो या केबिनमध्ये फोन कानाला लावून उभा राहिला होता आणि त्याच्या पायांनी त्याला काहीच सांगितलं नव्हतं. पायांनीही नियम पाळला असणार, असं त्याला वाटून गेलं, आणि ते हसण्यासारखं असूनही त्याला हसू आलं नाही. मुलगी पाण्याचा पेला घेऊन दारात उभी होती. तो तिला गेल्या वर्षभरात काय काय विचारत आला होता? कॉलेज कसं चाललंय. ठीक. मैत्रिणी. ठीक. झोप होते ना. ठीक. त्याला वाटायचं, आपलं घर किती निरोगी आहे. बाकीच्यांच्या घरी कटकटी, आपल्याकडे आवाज नाही. या पोरीच्या कुठल्या दारामागे काय लिहिलेलं आहे, आकडा कितीवर आलाय, हे त्याला माहीत नव्हतं. आत्ता विचारलं तर ती आधी आईकडे बघेल आणि मग काही नाही म्हणेल. आज विचारून चालणार नव्हतं. आधी तीनशे अकरा लिफ्ट होत्या, आणि त्यांत या क्षणी माणसं उभी होती.

त्याने जेवणाच्या टेबलावरचा एक लिफाफा उलटा केला, पेन घेतलं आणि मामांना फोन लावला.

"मामा, माझ्या इमारतीची लिफ्ट मी बंद केली. वर जाऊन आलो."

पलीकडे रस्त्याचा आवाज होता.

"दारामागचं वाचलं," तो म्हणाला. "सगळीकडे असं लिहिता?"

"सगळीकडे," मामा म्हणाले.

"मला का नाही सांगितलंत?"

"आम्हाला वाटलं तुम्हाला माहीत आहे. रकाना तुम्हीच काढलात ना, साहेब." मामांच्या आवाजात टोमणा नव्हता. "पोरं म्हणाली, साहेबांना ऐकायचं नाही म्हणजे काहीतरी कारण असेल. वरून हुकूम असेल. लिफ्ट बंद करायचा अधिकार आम्हाला नाही. मग अगदीच गेलेलं असेल तिथे इकडचं अस्तर तिकडे लावत होतो. जमेल तेवढं."

"दीडच्या खाली कुठे कुठे आहे?"

"कार्डावर तर सगळं ठीक आहे."

"कार्ड नको. भिंतीवरचं सांगा."

"कोणाच्या हाताखालची, कोणी सही केली, ते विचारणार असाल तर मला आठवत नाही."

"नाही विचारणार."

"शब्द?"

पंचवीस वर्षांत मामांनी त्याच्याकडे शब्द मागितला नव्हता. "शब्द," तो म्हणाला.

मामा सांगू लागले. बाजारातली तीन मजली इमारत, सव्वा. बँकेची मागची, एक. वाचनालय, सव्वा. तो लिहीत गेला. अक्षर तिरकं जात होतं. मग मामा म्हणाले, "मुलांचं रुग्णालय. स्ट्रेचरची."

"किती?"

"एकाच्या आत."

"कधीपासून?"

"तीन आठवडे."

त्याचं पेन थांबलं. घशाशी वाक्य तयार होतं, अगदी नेहमीचं, खालच्या आवाजातलं, प्रत्येक शब्द सुटा: आणि हे तुम्ही मला आत्ता सांगताय. तेवढ्यात स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. काम संपलं म्हणून नाही. त्याने मान वर केली. बायको नळावर हात ठेवून पाठमोरी उभी होती आणि तिचे खांदे कानांकडे उचललेले होते. आई गुडघा चोळायची थांबली होती. मुलीने पेला ओठांना लावलेला होता, पण ती पीत नव्हती. तिघींपैकी कुणीही त्याच्याकडे बघत नव्हतं. सुई टोचायच्या आधी माणसं जशी दुसरीकडे बघतात तशा त्या तिघी बघत होत्या. फोनवर मामाही श्वास धरून होते. आपण बोलायच्या आधीचा हा क्षण कसा दिसतो, हे त्याने आयुष्यात प्रथमच पाहिलं. त्याला कधी वाटली नव्हती एवढी भीती वाटली. लिफ्टची नाही, त्या वाक्याची, की ते आता आपल्याला न विचारता बाहेर पडेल. जबडा दुखेपर्यंत त्याने दात आवळले. लिफाफ्यावर लिहिलं: रुग्णालय, स्ट्रेचर, एकाच्या आत.

"तिथे जवळ कोण आहे?" त्याने विचारलं. आवाज फाटका आला, वर्गात पहिल्यांदा उभं राहून वाचणाऱ्या मुलासारखा.

"मीच आहे. दहा मिनिटांवर."

"निघा. आत्ताच बंद करा, माझ्या नावावर. कुणी अडवलं तर फोन त्यांच्या हातात द्या. मी इथेच आहे."

"निघालो," मामा म्हणाले. त्यांच्या चालण्याचा, धापेचा आवाज येऊ लागला.

"चालता चालता पुढची सांगा."

घरात अजून कुणी हललं नव्हतं. नळ बंद होता, पेला तसाच ओठांशी होता.

"साहेब," मामा म्हणाले, "कागद मोठा घ्या."